कर्त्याचा शोध

(ग्रंथालयाच्या शताब्दी समारंभानिमित्त झालेल्या व्याख्यानाचा लेखी पाठ)



शताब्दी हा कोणत्याही संस्थेच्या आयुष्यात आभाराचा प्रसंग असतो. संस्थापकांचे स्मरण होते, देणगीदारांची नावे वाचली जातात, माजी अध्यक्षांच्या तसबिरींना हार घातले जातात. हे सर्व योग्यच आहे. परंतु आपल्याकडील सभा-समारंभांत 'आभारप्रदर्शन' हे कलम कार्यक्रमपत्रिकेच्या अगदी तळाशी असते, आणि ते सुरू झाले की श्रोत्यांपैकी निम्मे लोक आपली पादत्राणे शोधू लागतात, हाही सार्वत्रिक अनुभव आहे. आभार हा जणू सभा संपल्याचा इशारा होऊन बसला आहे. आजच्या व्याख्यानात त्या शेवटच्या कलमाचाच थोडा सावकाश विचार करावयाचा आहे. कृतज्ञता म्हणजे नेमके काय, ती रोजच्या साध्यासुध्या आयुष्यात कोठे सापडते, आणि तिच्यामुळे त्या आयुष्याला काही अर्थ येतो का, असा हा विषय आहे.

प्रथम शब्दाकडे पाहू. 'कृत' म्हणजे केलेले आणि 'ज्ञ' म्हणजे जाणणारा. दुसऱ्याने केलेले जो जाणतो तो कृतज्ञ. या शब्दात भावनेचा उल्लेख नाही. गहिवर नाही, डोळ्यांतले पाणी नाही, हात जोडणे नाही. आहे ते केवळ जाणणे. त्याच्या विरुद्ध अर्थाचा शब्द 'कृतघ्न'. 'घ्न' म्हणजे मारणारा. शत्रुघ्न या नावात आहे तोच. केलेले जो जाणत नाही तो ते केलेले मारून टाकतो, असा कठोर निवाडा आपल्या भाषेने देऊन ठेवला आहे. विसरणारा आणि मारणारा यांत तिने फरक केलेला नाही. तेव्हा कृतज्ञतेची सुरुवात मनाच्या कोमलतेपासून होत नाही, माहितीपासून होते. कोणी काय केले हे ठाऊकच नसेल, तर अत्यंत सहृदय मनुष्यदेखील कृतज्ञ होऊ शकत नाही.

'कोणी केले' हा प्रश्न मूळचा व्याकरणाचा आहे, आणि येथे सुरतेच्या एका जुन्या रहिवाशाचे स्मरण करणे उचित होईल. मराठी भाषेचे पाणिनी म्हणून ज्यांचा गौरव होतो ते दादोबा पांडुरंग तर्खडकर यांचे मराठी व्याकरण १८३६ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानंतरच्या दशकात काही वर्षे ते याच शहरात इंग्रजी शाळेत अध्यापक होते. येथे त्यांची गाठ दुर्गाराम मेहताजी या निर्भय गुजराती शिक्षकाशी पडली, आणि २२ जून १८४४ रोजी या मित्रमंडळींनी सुरतेत 'मानवधर्म सभा' स्थापन केली. दुर्गाराम, दादोबा, दिनमणिशंकर, दलपतराम, दामोदरदास अशी तिच्या प्रमुखांची नावे. पाचही जणांच्या नावाचे आद्याक्षर 'द' असल्याची गंमत त्या काळापासून सांगितली जाते. एका मराठी वैयाकरणाने आणि एका गुजराती शिक्षकाने मिळून चालविलेली ही सभा भारतातील आरंभीच्या सुधारक सभांपैकी एक होय.

सभेच्या कार्यातला एक भाग आजच्या विषयाशी निकटचा आहे. त्या काळी कोणी आजारी पडले की 'बाधा झाली', 'नजर लागली', 'भूत आले' असे म्हणण्याची रीत होती. सभेने मंत्र-तंत्र करणाऱ्यांना जाहीर आव्हान दिले की, तुमच्या मंत्राचे सामर्थ्य आमच्यासमोर सिद्ध करून दाखवा. व्याकरणाच्या भाषेत सांगावयाचे तर लोकांनी वाक्यात एक खोटा कर्ता बसविला होता. सभेचा आग्रह खरा कर्ता शोधावा असा होता. अंधश्रद्धा कर्ता नसताना तो कल्पिते. कृतघ्नता कर्ता असताना तो पाहत नाही. दोहोंवर औषध एकच, ते म्हणजे 'कोण?' हा प्रश्न नेटाने विचारणे.

शाळेत कर्ता ओळखण्याची एक युक्ती आपण सर्वच शिकलो आहोत. क्रियापदाच्या धातूला 'णारा' प्रत्यय लावून 'कोण?' असा प्रश्न करावयाचा. जे उत्तर येईल तो कर्ता. 'मुलगा आंबा खातो.' खाणारा कोण? मुलगा. येथवर सारे सोपे आहे. आता आपल्या घरातील सकाळची वाक्ये घ्या. नळाला पाणी आले. दूध आले. वर्तमानपत्र आले. कचरा गेला. वीज आली. रस्ता झाडला गेला. येणारे कोण? पाणी, दूध, वर्तमानपत्र. जाणारा कोण? कचरा. व्याकरणाच्या परीक्षेत या उत्तरांना पूर्ण गुण मिळतील. परंतु पाणी स्वतःच्या पायांनी तिसऱ्या मजल्यावर चढत नाही, आणि कचऱ्यालाही आपण होऊन निघून जाण्याची सवय नाही. 'रस्ता झाडला गेला' या रचनेला व्याकरणात कर्मकर्तरी प्रयोग म्हणतात. तेथे कर्म कर्त्याच्या जागी जाऊन बसते आणि मूळ कर्त्याला वाक्यात जागाच उरत नाही. आपले दैनंदिन नागरी जीवन जवळजवळ सगळे या प्रयोगात चाललेले आहे. कामे होतात, करणारे दिसत नाहीत.

यात कोणाचा दुष्टपणा आहे असे नाही. वाक्य सोयीचे असावे लागते. 'पाणी आले' म्हणण्याऐवजी दर सकाळी पंपावरील माणसाची वंशावळ सांगत बसणे शक्य नाही. परंतु सोयीसाठी वाक्यातून गाळलेला कर्ता हळूहळू मनातूनही गळतो, आणि मग आपल्याला खरोखरच वाटू लागते की पाणी येत असते, कचरा जात असतो, आणि या सर्व गोष्टी जगात आपोआप घडत असतात. ज्या जगात सर्व आपोआप घडते, त्या जगात कोणाचे ऋण नसते आणि फारसा आनंदही नसतो. आपोआप मिळालेली वस्तू आली तर लक्षात येत नाही, आणि एक दिवस न आली तर मात्र संताप होतो. आपल्यापैकी पुष्कळांची सकाळ याच दोन अवस्थांमध्ये विभागलेली असते.

म्हणून एका वाक्याचा माग काढून पाहू. 'नळाला पाणी आले.' सुरतेच्या नळाचे पाणी तापीचे. मध्य प्रदेशात बैतूल जिल्ह्यातील मुलताई येथे ही नदी उगम पावते, आणि सुमारे ७२४ किलोमीटरचा प्रवास करून सुरतेपलीकडे समुद्राला मिळते. वाटेत ती सारा खानदेश ओलांडते. चांगदेवापाशी तिला पूर्णा मिळते. ज्या जळगाव, धुळे, नंदुरबार जिल्ह्यांतून उधना, लिंबायत, पांडेसरा, डिंडोलीत राहणारी हजारो मराठी कुटुंबे येथे आली, त्याच जिल्ह्यांतून हे पाणीही आले आहे. माणसे रेल्वेने आली, पाणी उताराने आले, एवढाच फरक. पुढे उकाई येथे ते अडते. हे धरण १९७२ मध्ये पूर्ण झाले. त्याच्या जलाशयाखाली अनेक गावे गेली, आणि त्यांत बहुसंख्य आदिवासींची होती. त्या लोकांनी घर, शेत, देवस्थान आणि पूर्वजांची जागा सोडली. मग शहरालगत सिंगणपोरचा बंधारा, कतारगाम आणि सरथाणा येथील जलशुद्धीकरण केंद्रे, तेथे रात्रपाळीला जागणारे कर्मचारी, रस्ता खणून फुटलेली वाहिनी सांधणारा मजूर, आणि अखेरीस आपल्या मोरीतला नळ. एका पेल्यामागे इतके कर्ते उभे आहेत. यांतील उकाईच्या कर्त्याने तर स्वखुशीने काही दिलेले नाही. त्याच्याकडून घेतले गेले आहे. त्याचे ऋण 'धन्यवाद' या शब्दाने फिटण्यासारखे नाही. त्या पाण्याकडे पाहण्याची आपली दृष्टी मात्र या माहितीने बदलावी. वाहता नळ उघडा टाकून गप्पा मारणे हे मग केवळ अपव्यय राहत नाही. त्याला कृतघ्नतेचा वास येऊ लागतो.

वाक्यातला गाळलेला कर्ता एरवी कधी दिसतो? तो काम थांबवितो तेव्हा. सुरतेने हा धडा फार मोठ्या किमतीला घेतला आहे.

सप्टेंबर १९९४ मध्ये या शहरात प्लेगची साथ आली. त्यापूर्वी तापीला पूर येऊन गेला होता. सखल वस्त्यांत चिखल, कचरा आणि मेलेली जनावरे साचली होती. रोगाने मृत्यू पावलेल्यांचा आकडा शंभरीच्या आतच राहिला, परंतु भीतीने काही लाख लोकांनी काही दिवसांत शहर सोडले. रेल्वेगाड्या, बसगाड्या भरभरून गेल्या. माग बंद पडले, हिऱ्यांच्या घंट्या थांबल्या, औषधांच्या दुकानांतून टेट्रासायक्लिन दिसेनासे झाले. देशोदेशी सुरतेच्या नावाचा उच्चार भयाने होऊ लागला. अशा वेळी सर्वांना जाता आले नाही. शासकीय रुग्णालयातील डॉक्टर, परिचारिका आणि वॉर्डबॉय कामावर राहिले. कचरा उचलणारे सफाई कामगार राहिले. रोगाचे जंतू जेथे असण्याची सर्वाधिक शक्यता, तेथेच त्यांचे काम होते. शहरातल्या ज्या माणसाचे नाव कोणी कधी विचारले नव्हते, त्याच्या झाडूवर शहराचे भवितव्य अवलंबून असल्याचे त्या दिवसांत प्रथमच दिसले.

पुढची हकिकत अधिक बोधप्रद आहे. १९९५ मध्ये श्री. एस. आर. राव हे सुरतेचे महापालिका आयुक्त झाले. त्यांनी अधिकाऱ्यांना कचेरीतून उठवून रोज सकाळी रस्त्यावर नेले. शहराचे सहा विभाग करून प्रत्येक विभागाच्या प्रमुखाला अधिकार आणि उत्तरदायित्व दिले. प्रमुख रस्त्यांची सफाई रात्री होऊ लागली. दोन वर्षांच्या आत, १९९६ मध्ये, 'इन्टॅक' या संस्थेच्या पाहणीत चंडीगडनंतरचे भारतातील दुसरे स्वच्छ शहर म्हणून सुरतेचे नाव आले. हा चमत्कार नव्हता. प्रत्येक रस्त्याला आणि प्रत्येक गल्लीला एक कर्ता नेमून दिला गेला, आणि 'कचरा राहिला' या वाक्यालाही 'कोणाकडून राहिला?' असा प्रश्न विचारला जाऊ लागला. कर्ता शोधण्याचे हे शास्त्र शहर बदलू शकते, याचे याहून जवळचे उदाहरण सुरतकरांना सांगावयास नको. ऑगस्ट २००६ मध्ये उकाईतून सोडलेल्या प्रचंड पाण्याने शहराचा बहुतेक भाग बुडाला, तेव्हाही पाणी ओसरल्यावर घराघरांतून निघालेला चिखल कोणीतरी उचलला, आणि शहर पुन्हा उभे राहिले. त्या 'कोणीतरी'ला नाव, घर आणि मुलेबाळे होती.

आपल्या परंपरेला हे भान नव्हते असे म्हणता येणार नाही. मनुष्य जन्मतो तोच ऋणे घेऊन जन्मतो, हा फार जुना विचार आहे. देवऋण, ऋषिऋण, पितृऋण ही तीन सर्वांना ठाऊक असतात. शतपथ ब्राह्मणात त्यांच्या जोडीला चौथे मनुष्यऋणही सांगितले आहे. आजूबाजूच्या माणसांचे आपण देणे लागतो, आणि ते देणे अतिथीला आसरा व अन्न देऊन फेडावयाचे, असा त्याचा आशय. विद्वानांच्या ग्रंथांत हे विवेचन राहिले, परंतु सामान्य माणसाने ते सणांत उतरविले. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाचे खांदे हळद-लोणी लावून मळतात आणि पोळ्याला त्याला जू लावीत नाहीत. खंडेनवमीला कारागीर आपले हत्यार पुसून त्याची पूजा करतो. खानदेशी घरांतून नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते, रोट होतात, आणि पांगलेली भाऊबंदकी एका ताटाभोवती जमते. सुरतेच्या मराठी वस्त्यांतूनही हा उत्सव निष्ठेने होतो. आखाजीला पूर्वजांच्या नावे घागर भरली जाते. पंगतीतून उठताना आपली वडीलधारी माणसे 'अन्नदाता सुखी भव' म्हणत. हे शब्द नीट ऐकावेत. यजमानाचे नाव त्यांत नाही. अन्नदाता म्हणजे शेतकरी, दळणारी, रांधणारी, वाढणारा असे सर्व जण. 'सुरतेचे जेवण आणि काशीचे मरण' ही म्हण येथे लहान मुलालाही येते. त्या जेवणाची खरी पूर्तता या तीन शब्दांत असावी.

परंतु परंपरेची स्तुती करताना तिचा डोळा कोठे मिटला होता, तेही पाहिले पाहिजे. आपण बैलाची पूजा केली, नांगराची केली, तराजूची आणि वहीचीही केली. ज्याच्या हाती झाडू होता त्याला मात्र गावाच्या वेशीबाहेर ठेवले. झाडूला लक्ष्मी म्हटले आणि झाडणाऱ्याचा स्पर्श टाळला. हा कर्त्याला वाक्यातून गाळण्याचा सर्वांत निर्दय प्रकार होय. सुरतेत मानवधर्म सभा चालविणाऱ्या दादोबांनी पुढे मुंबईत परमहंस सभेत जातिभेदाविरुद्ध काम केले, ते याच अन्यायाच्या जाणिवेने. प्लेगचाच दाखला द्यावयाचा तर सावित्रीबाई फुले यांचा द्यावा लागेल. १८९७ च्या पुण्यातील साथीत समाजाने दूर ठेवलेल्या वस्तीतील आजारी मुलाला स्वतः उचलून उपचाराला नेताना त्यांना संसर्ग झाला, आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. समाजाने ज्याला पाहिले नाही त्याला त्यांनी पाहिले, आणि त्याची किंमत दिली.

येथे एक आक्षेप येतो, आणि तो रास्त आहे. कृतज्ञतेचा उपदेश बहुधा वरून खाली केला जातो. मालक मजुराला सांगतो, काम मिळाले यात समाधान मान. सासू सुनेला सांगते, दोन वेळचे जेवण मिळते हे भाग्य समज. अशा वेळी कृतज्ञता हे अन्यायावर घातलेले पांघरूण ठरते, आणि ती झिडकारणाऱ्याला दोष देता येत नाही. परंतु आपण स्वीकारलेल्या अर्थाने पाहिले, तर हा उपदेश करणाराच कृतघ्न ठरतो. त्याला सुनेने आणि मजुराने केलेले ठाऊक नाही. खरी कृतज्ञता ज्याला मिळते त्याने बाळगावयाची असते. ज्याच्याकडून मिळते त्याच्याकडे मागावयाची नसते. कर्ता एकदा दिसला की पुढचे प्रश्न आपोआप येतात. तो कोठे राहतो? त्याला काय मिळते? त्याच्या हाताला मोजे आहेत का? त्याची मुलगी शाळेत जाते का? दिवाळीला पोस्त देऊन आणि वर्षभर वेतनात काटछाट करून कृतज्ञतेचा हिशेब जुळत नाही. आभार हे वेतनाच्या ऐवजी देण्याचे नाणे नव्हे. वेतन न्यायाने चुकते केल्यानंतरही जे उरते, त्याला कृतज्ञता म्हणावे.

आता विषयाच्या दुसऱ्या अंगाकडे वळू, ते म्हणजे अर्थ. 'अर्थ' या शब्दाने आपल्या भाषेत द्रव्यही सांगितले जाते, हेतूही सांगितला जातो आणि शब्दाचा आशयही सांगितला जातो. सुरत ही शतकानुशतके पहिल्या अर्थाची नगरी आहे. येथे कामाला आलेल्या माणसाला दुसऱ्या आणि तिसऱ्या अर्थाविषयी विचारले, तर तो हसेल. बारा तास मागावर उभे राहणाऱ्याला आपल्या जीवनाचा अर्थ शोधण्यास सवड कोठली? आणि तरीही त्या मागावरचे कापड पाहा. गंजामहून आलेला ओडिया कामगार किंवा खानदेशातून आलेला मराठी कामगार ते विणतो. पांडेसऱ्याच्या गिरणीत त्याला रंग चढतो, छपाई होते. मग साडी गठ्ठ्याने लिंबायत-उधन्याच्या घरांत येते, आणि घरची बाई स्वयंपाक आटोपून, मुलांना शाळेत धाडून तिला लेस आणि टिकल्या लावीत बसते. पुढे घडी, वेष्टन, रिंगरोडची बाजारपेठ, मालमोटार. आणि एके दिवशी भुसावळ किंवा नांदेडच्या एखाद्या घरी ती साडी साखरपुड्याच्या ताटात ठेवली जाते. 'साडी आली,' असे तेथे म्हणतात. त्या वाक्यातही कर्ते गळालेले असतात. टिकली लावणारी ती बाई कोण, हे त्या नवरीला कधीच कळणार नाही. परंतु टिकली लावणारीला ते ठाऊक असू शकते. आपल्या हातची वस्तू कोणाच्या तरी आनंदाच्या दिवशी अंगावर येणार आहे, एवढे जाणणे हा तिच्या कामाचा अर्थ आहे. दर डझनाला मिळणारा मोबदला हा त्याचा पहिला अर्थ, आणि तो वाढला पाहिजे यात शंका नाही. हा दुसरा अर्थ मात्र तिच्याकडून कोणी काढून घेऊ शकत नाही.

म्हणजे कृतज्ञता आणि अर्थ या एकाच ज्ञानाच्या दोन बाजू होत. माझ्या वाक्यातला गाळलेला कर्ता कोण हे कळले की मनुष्य कृतज्ञ होतो. दुसऱ्या कोणाच्या तरी वाक्यातला गाळलेला कर्ता आपण आहोत हे कळले की त्याच्या स्वतःच्या कामाला अर्थ येतो. ज्याला पहिली गोष्ट कधी सुचत नाही, त्याला दुसरीही सहसा सुचत नाही. आणि मग निवृत्तीच्या दिवशी शाल-श्रीफळ घेऊन घरी आल्यावर त्याला प्रश्न पडतो की, आपण इतकी वर्षे केले तरी काय?

खानदेशच्या लेकराला हे ज्ञान घरचेच आहे. तापीच्या खोऱ्यातील आसोदे गावी १८८० मध्ये जन्मलेल्या बहिणाबाई चौधरी शाळेत गेल्या नव्हत्या. तारुण्यात वैधव्य आले, शेतीचे आणि घराचे कष्ट होते. त्यांच्या गाण्यांचे विषय पाहा : जाते, चूल, मोट, पेरणी, खळे, सुगरण पक्ष्याचे घरटे. ज्या वस्तूंपासून पळून जावे असे एखाद्याला वाटेल, त्याच वस्तूंकडे त्यांनी थांबून पाहिले आणि प्रत्येकीने आपल्यासाठी काय केले ते ओळखले. या गाण्यांतही गाळलेले कर्ते आहेत. बहिणाबाईंना लिहिता येत नव्हते. कामे करता करता त्या जे गात, ते त्यांचे पुत्र सोपानदेव आणि एक मावसबंधू टिपून ठेवीत. १९५१ मध्ये त्यांचे निधन झाल्यावर ती वही आचार्य अत्रे यांच्यासमोर आली, आणि १९५२ मध्ये ग्रंथ प्रसिद्ध झाला. टिपणारा हात नसता, तर मराठी भाषा एका मोठ्या कवयित्रीला मुकली असती, आणि आपण कशाला मुकलो हेही तिला कळले नसते.

यावरून ग्रंथालयाकडे येणे सोपे आहे, कारण ग्रंथालय हे टिपून ठेवणाऱ्यांचे घर आहे. सुरतेला या घराची परंपरा जुनी आहे. येथील अँड्र्यूज ग्रंथालय १८५० चे. शेजारच्या बडोदे संस्थानात सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये अमेरिकेहून बोर्डन या ग्रंथपालांना आणून गावोगाव मोफत वाचनालयांचे जाळे विणविले, आणि त्या संस्थानाचा नवसारी प्रांत सुरतेला लागूनच होता. परक्या भाषेच्या मुलखात मराठी ग्रंथालय शंभर वर्षे चालणे ही त्याहून निराळी गोष्ट आहे. तेथे वाचक आपोआप येत नाहीत, पुस्तकेही आपोआप येत नाहीत. 'पुस्तक मिळाले' या वाक्यामागे लेखक, जुळारी, मुद्रक आणि प्रकाशक तर आहेतच. पण पोथीची धूळ झटकणारा शिपाई आहे, सुटलेली पाने शिवणारा बांधणीकार आहे, पावसाळ्यात कपाटात वाळवीचे औषध घालणारा आहे, वर्गणीसाठी पायऱ्या झिजविणारा कार्यकर्ता आहे, आणि पुस्तक वेळेवर परत करणारा तो अनाम वाचक आहे. दिलेल्या मुदतीत पुस्तक परत करणे ही पुढच्या, न पाहिलेल्या वाचकाविषयीची कृतज्ञताच होय. तो येईल असे गृहीत धरून केलेले ते सौजन्य असते.

शताब्दीच्या निमित्ताने म्हणून एक साधी सूचना. देणगीदारांच्या नावांचा फलक ग्रंथालयात असतोच, तो असावा. त्याच्या शेजारी आणखी एक फलक लावावा. शंभर वर्षांत या वास्तूत ज्यांनी झाडले, पुसले, पुस्तके काढून दिली आणि परत लावली, त्यांची जेवढी नावे जुन्या वेतनवह्यांतून सापडतील तेवढी त्यावर लिहावीत. जी सापडणार नाहीत त्यांच्यासाठी एक ओळ कोरी सोडावी. आणि आज जे हे काम करीत आहेत, त्यांच्या वेतनाचा प्रश्न कार्यकारिणीच्या पुढील सभेत पहिल्या कलमाला घ्यावा.

घरी गेल्यावर प्रत्येकाला करता येण्याजोगी गोष्ट याहून लहान आहे. दिवसातून एका वाक्याला 'कोण?' हा प्रश्न विचारावा. आज दुधाच्या, उद्या विजेच्या, परवा स्वयंपाकघरातून 'चहा झाला' म्हणून हाक येते त्या वाक्याच्या कर्त्याला शोधावे. पुष्कळदा तो कर्ता एकाच छपराखाली सापडेल, आणि त्याचे आभार मानण्यास वीस-तीस वर्षांचा उशीर झाल्याचे ध्यानात येईल. आपल्या घरांतून 'आभारी आहे' म्हणण्याची पद्धत नाही, आणि ती मुद्दाम आणण्याचे कारण नाही. कप उचलून धुऊन ठेवला तरी ती भाषा समजते.

शेवटी व्याकरणातीलच एक नोंद. मराठीत काही वाक्ये अशी आहेत की त्यांना कर्ताच नसतो. 'उजाडले', 'सांजावले'. येथे 'कोण?' असे विचारले तर उत्तर मिळत नाही. क्रियापदातच सर्व सामावलेले असते. वैयाकरणांनी या रचनेला भावकर्तरी प्रयोग असे नाव देऊन तिचे वेगळेपण मान्य केले. जेथे माणूस कर्ता आहे तेथे त्याला शोधून काढणे, त्याचे देणे देणे, हे आपले कर्तव्य. ते केल्यानंतरही आयुष्यात असे काही उरते की ज्याचा कर्ता दाखविता येत नाही. सकाळ होते, श्वास चालतो, तापी वाहते. श्रद्धावान तेथे ईश्वराचे नाव घेईल, दुसरा कोणी नुसता स्तब्ध उभा राहील. पण त्या वाक्यापाशी पोचण्याचा अधिकार आधीची वाक्ये प्रामाणिकपणे सोडविणाऱ्यालाच आहे. झाडणाऱ्याला न ओळखता उगवत्या सूर्याला केलेला नमस्कार अपुराच म्हणावा लागेल.

ग्रंथालयाच्या दुसऱ्या शतकास शुभेच्छा देऊन, आणि सभागृहातील सतरंज्या ज्यांनी अंथरल्या व ज्यांना आता त्या गुंडाळावयाच्या आहेत, त्यांचे आभार प्रथम मानून हे व्याख्यान पूर्ण होत आहे.